आठ गोल, मग सात

माझ्या आबांना मी माझं दुखणं सांगू शकलो ते एका जर्मन गोलकीपरच्या आधारानं. रॉबर्ट एन्के त्याचं नाव. तो १० नोव्हेंबर २००९ ला गेला. वय बत्तीस. त्याने स्वतःच आयुष्य संपवलं. दोनच दिवस आधी हॅम्बुर्गविरुद्धची मॅच तो पूर्ण खेळला होता, २-२ अशी बरोबरीत सुटलेली.

कोल्हापूरला आमच्या पेठेत वर्ल्ड कप आला की ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लागतात. आबा मात्र जर्मनीवाले, आणि तेही गोलकीपरपुरते. ते स्वतः तालमीच्या टीमचे गोलकीपर होते, पुढं शाहू स्टेडियमवर त्याच जागी मी उभा राहिलो. २००२ च्या फायनलमध्ये ऑलिव्हर कानच्या हातून बॉल सुटला आणि रोनाल्डोनं तो आत ढकलला, त्या रात्री आबा न जेवता झोपले. कान, लेहमान यांच्यानंतर जर्मनीच्या गोलमध्ये कोण, याची चर्चा आमच्या घरात नातेवाइकांच्या लग्नांपेक्षा जास्त व्हायची. २०१० च्या वर्ल्ड कपसाठी त्यांची पसंती एन्केला होती. “उगंच उड्या मारत न्हाई,” एवढंच त्यांचं कारण. ते खरंही होतं. एन्के जागा धरून उभा राहायचा, ओरडायचा कमी.

तो गेल्याची बातमी वाचून आबा म्हणाले होते, “एवढं नाव झालं, काय कमी होतं त्याला?” मी काही बोललो नाही. माझं तेव्हा बरं चाललं होतं.

पुढं नोकरीसाठी पुण्यात असताना ते बिनसलं. झोप गेली. सकाळी उठून दात घासणं हे डोंगर चढण्याएवढं काम वाटायला लागलं. ऑफिसात मी कधी ‘व्हायरल’ सांगायचो, कधी ‘पित्त’. घरी फोनवर ‘कामाचा लोड’. त्याच काळात रोनाल्ड रेंगनं लिहिलेलं एन्केचं चरित्र हाती आलं. इंग्रजी अनुवाद २०११ चा. घेतलं ते फुटबॉलचं पुस्तक म्हणून. रेंग त्याचा मित्र. दोघांनी मिळून पुस्तक लिहायचं असं ठरलं होतं, ते शेवटी एकट्या रेंगला लिहावं लागलं.

त्यात २००९ चं एन्केचं दुखणं आलं आणि मी पुस्तक मिटून ठेवलं. त्या शरद ऋतूत तो बरेच आठवडे खेळला नव्हता. बाहेर सांगितलेलं कारण होतं आतड्याचा जंतुसंसर्ग. म्हणजे माझंच ‘पित्त’.

नंतर पुन्हा उघडलं. बार्सिलोनानं २००२ मध्ये त्याला घेतलं, आणि नोवेल्डा नावाच्या तिसऱ्या श्रेणीतल्या टीमकडून चषकाच्या सामन्यात ३-२ असा मार खाल्ला. त्याच्याच टीममधल्या फ्रँक दे बोअरनं उघडपणे त्याला दोष दिला. पुढच्या वर्षी इस्तंबूलला फेनरबाचेकडून एकच मॅच खेळला, ३-० हरला, स्वतःच्याच प्रेक्षकांनी वस्तू फेकून मारल्या. तिथून नैराश्य बळावलं. पण मला महत्त्वाचं वाटलं ते यानंतरचं: २००३ मध्ये त्याने उपचार घेतले आणि तो बरा झाला. स्पेनच्या दुसऱ्या श्रेणीत तेनेरीफेला खेळला, हॅनोव्हरला आला, जर्मनीच्या टीमपर्यंत पोचला. मधे २००६ मध्ये दोन वर्षांची मुलगी लारा हृदयाच्या जन्मजात आजारानं गेली; आठवडाभरात तो पुन्हा गोलमध्ये उभा होता. एवढ्या दुःखातही तो आजार परतला नव्हता. तो परतला २००९ मध्ये, दत्तक लेक लायला घरी आल्यावर, सगळं सुरळीत असताना. ‘दबाव सहन झाला नाही’ असं जे ढोबळपणे लिहिलं गेलं, ते म्हणूनच मला पटत नाही.

तो गेल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याची बायको तेरेसा पत्रकारांसमोर बसली, शेजारी त्याचे डॉक्टर. आजार कळला तर लायलाला आपल्याकडून काढून घेतील, ही त्याची भीती तिनं सांगितली. प्रेमानं सगळं निभेल असं आम्हाला वाटलं होतं, पण तसं होत नाही, हेही सांगितलं. त्या बाईचं ऋण माझ्यावर वेगळं आहे. त्या दिवशी ती काहीही न बोलती तर कुणी नावं ठेवली नसती.

दिवाळीला कोल्हापूरला गेलो. आबा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. स्वतःबद्दल एक वाक्य निघेना, म्हणून एन्केबद्दल बोलायला लागलो. मोंशनग्लाडबाखला होता, एकवीस वर्षांचा, घरच्या मैदानावर लेव्हरकुझेनकडून आठ गोल खाल्ले.

“आठ?” आबा सावरून बसले. “आन् फुडच्या मॅचला हुबा ऱ्हायला?”

“राहिला. सात खाल्ले.”

“मग?”

“मग पोर्तुगालला गेला. बेन्फिकाचा कप्तान झाला.”

आबा खूश झाले. मग मी पुढचं सांगितलं, झोपेचं, सकाळचं, खोट्या कारणांचं. आणि सांगता सांगता ‘तो’च्या जागी ‘मी’ कधी आलं ते आम्हा दोघांनाही कळलं नाही. ते गप्प बसले. बऱ्याच वेळानं म्हणाले, “त्येच्या बापाला ठावं हुतं का?”

बाप मानसोपचाराच्याच क्षेत्रातला होता, असं मी सांगितलं. त्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “डॉक्टरकडं कवा जायचं? मी येतो.”

आले. पुण्याला राहिले, दर वेळी दवाखान्यात बरोबर बसले. गोळ्या सुरू झाल्या, हळूहळू झोप लागायला लागली. एन्केच्या नावानं २०१० मध्ये निघालेली संस्था नैराश्य आणि लहान मुलांचे हृदयविकार या दोन्हींसाठी काम करते, हे कळल्यावर “बापलेकीचं दोघांचं झालं,” असं ते म्हणाले.

मधे त्यांना यूट्यूब लावून दिलं, तर त्यांनी नोवेल्डाची ती मॅच शोधायला लावली. तेव्हापासून दे बोअरचं नाव निघालं की आबा तापतात. तिन्ही गोल डिफेन्सचे, असं त्यांचं म्हणणं. आणि बार्सिलोनाचा कोच व्हान गालनं पोराला तिथंच पाठीशी घालायला हवं होतं.