काठ राखणारा टाका

सरळ रेषेचे कौतुक आपण सारेच करतो. शिवणकामात मात्र नागमोडी टाका अनेकदा अधिक भरवशाचा ठरतो, हे आम्हांस नया नगरात उमगले. मीरा रोड स्थानकाच्या पूर्वेस वसलेल्या या मुस्लिमबहुल वस्तीतील एक भगिनी फॉल-पिकोचे काम करतात. आमच्या वेदीच्या वस्त्रांचे काठ विरू लागले, की ती आम्ही त्यांच्याकडे नेतो.

साध्या शिलाईत सुई एकाच जागी वरखाली होते आणि यंत्राचे दाते कापड पुढे सरकवितात. झिगझॅगच्या टाक्यात सुई शिवाय डावीउजवीकडे झुलते. अमेरिकेतील हेलन ब्लँचर्ड या महिलेने १८७३ साली अशा यंत्राचे पेटंट मिळविले. टाक्याची रुंदी आणि लांबी एवढेच काय ते बदलायचे. परंतु त्यातून केवढी विविधता साधते! टाके विरळ ठेवले, तर ताणले जाणारे होजिअरीचे कापड किंवा इलॅस्टिक शिवता येते. तेथे सरळ टाका तटकन तुटतो. नागमोडी टाका ताणाबरोबर सैलावतो आणि पुन्हा जागेवर येतो. टाके दाट केले, की सदऱ्याचे काज तयार होते. त्याच दाट टाक्याने मिस्सेच्या झग्यावर कापडी क्रूस बसवितात. तेथे मजबुती आणि शोभा यांना वेगळे करताच येत नाही.

पिकोची गोष्ट त्याहून बोलकी आहे. साडीच्या लांब कडा मागावरच पक्क्या होतात. धागे सुटतात ते कापलेल्या टोकांचे. तेथे सुई एकदा कापडात उतरते आणि एकदा काठाच्या किंचित बाहेर. म्हणूनच दोरा काठाला कवेत घेऊ शकतो. केवळ आतल्या आत मारलेल्या टाक्याने काठ राखला जात नाही.

२१ जानेवारी २०२४ च्या रात्री नया नगरात दोन समाजांत संघर्ष झाला. पुढील दिवसांत आमच्या धर्मग्रामातील काहींनी तिकडे न जाण्याचा सल्ला आम्हांस दिला. तो काळजीपोटी होता, हे आम्ही जाणतो. तरीही वस्त्रे घेऊन आम्ही गेलो. भगिनींनी ती उलगडली, काठावरून बोट फिरविले आणि राखेच्या बुधवारापूर्वीच हवीत ना, असे विचारले. रमजानच्या शिवणाची गर्दी सुरू होण्याआधी आमचे काम उरकून देण्याचा शब्दही दिला. त्या वर्षी आमचा उपवासकाळ आणि त्यांचे रोजे मार्च महिन्यात एकत्र आले होते.

वाचकहो, समाजाचे वस्त्रही प्रथम काठालाच विरते, जेथे एक वस्ती संपते आणि दुसरी सुरू होते. ते राखायचे, तर कोणीतरी काठाबाहेर पाऊल टाकावयास हवे. यापो येथील टबीथाच्या निधनानंतर विधवांनी संत पेत्राला तिने केलेली वस्त्रे दाखविली, असे ‘प्रेषितांची कृत्ये’ सांगते. तिचा एकही शब्द तेथे नोंदलेला नाही. तिच्या हातची वस्त्रे हीच तिची साक्ष ठरली.