टेलचे पाणी

चंदीगडचा सुखना तलाव १९५८ साली शिवालिकच्या टेकड्यांतून येणारा ओढा अडवून केलेला. त्याचे पाणी सोडण्याचे दरवाजे ज्या टोकाला आहेत, तेथून किशनगढ आणि २००५ साली उद्घाटन झालेला आयटी पार्क फार दूर नाही. पार्कमधील एका बहुराष्ट्रीय कंपनीची संगणकव्यवस्था सांभाळणारा बारामतीकडचा एक गृहस्थ सकाळी या दरवाजांपाशी घटकाभर थांबून मगच कामावर जातो. त्याचे वडील नीरेच्या डाव्या कालव्यावर पाटकरी होते.

एकदा गावी गेला असता वडिलांना आपले काम समजावताना त्याने पाटाचाच दृष्टान्त घेतला: सर्व्हर म्हणजे धरण, नेटवर्क म्हणजे कालवा आणि चाऱ्या, देशोदेशींचे कर्मचारी म्हणजे बागाईतदार, आणि हे सारे एका खुर्चीत बसून चालवता येते. अण्णांनी निमूट ऐकून घेतले व विचारले, "टेलला पाणी पोचतंय का, तेवढं सांग." चारीच्या शेवटी ज्यांची शेते, त्यांचे बोल आयुष्यभर ऐकलेल्या माणसाचा हा प्रश्न. मुलगा हसला. संगणकाला कुठले आले आहे टेल!

१९ जुलै २०२४, शुक्रवार. सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या अमेरिकी कंपनीने आपल्या सुरक्षा-प्रणालीसाठी एक सदोष फाइल जगभर धाडली आणि विंडोजवर चालणारे सुमारे ८५ लाख संगणक कोलमडले. ७८ मिनिटांत ती मागे घेतली गेली; परंतु जो संगणक सुरू होताच निळा पडदा दाखवून पुन्हा कोसळतो, त्याच्यापर्यंत दुरुस्ती पोचावी कशी? बहुतेक ठिकाणी प्रत्यक्ष यंत्रापाशी बसून, ते सेफ मोडमध्ये उघडून, ती एक फाइल हाताने पुसणे एवढाच उपाय उरला. त्यातही डिस्क कुलूपबंद असेल तर आधी ४८ आकड्यांची किल्ली हवी. या किल्ल्या ज्या सर्व्हरवर जपलेल्या, तोही निळाच! दुपार त्यालाच उठवण्यात गेली.

मग फोन सुरू झाले. इंग्लंडमधील एका गोदामातली कारकून बाई, तिच्यापुढे एकच बंद संगणक आणि दाराशी मालाने भरलेल्या गाड्या. सहा आकड्यांचा एक असे आठ गट. तो वाचतो, ती टंकते, एक आकडा चुकला की तो गट पुन्हा. ती घाबरली होती. "सावकाश, मला घाई नाही," असे तो म्हणाला. ते अर्थातच खरे नव्हते. पंधरा वर्षे त्याने या कार्यालयांची नावे केवळ पडद्यावरील हिरव्या ठिपक्यांच्या रूपात पाहिली होती. त्या ठिपक्यांमागे खोकला असलेली, चष्मा शोधणारी माणसे आहेत, हे त्याला त्या दिवशी आवाजांवरून कळले.

रात्री अण्णांचा फोन आला. विमाने खोळंबल्याची बातमी त्यांनी पाहिली होती.

"मिटलं का सगळं?"

"मिटलं बहुतेक. शेवटची चार राहिलीत."

"मग जेव नंतर," अण्णा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.