वॉटसन अचानक ‘तुम्ही’ का म्हणतो?

फॅनफिक लिहिणाऱ्या प्रत्येकाकडे एक वाक्य तयार असतं: “छे, असंच आपलं, टाइमपास.” घरी, ऑफिसात, मित्रमैत्रिणींत ते चालून जातं. बीटासमोर चालत नाही.

बीटा हा शब्द सॉफ्टवेअरवाल्यांकडून आला. अ‍ॅप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी बाहेरच्या काही लोकांना वापरून बघायला देतात, ती बीटा आवृत्ती. तसंच गोष्ट पोस्ट करण्याआधी जी व्यक्ती ती वाचते, ती बीटा रीडर. पैसे नाहीत, नाव बहुतेक वेळा टोपण, आणि मोबदला म्हणजे गोष्टीच्या वर आभाराची एक ओळ. ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’वर बीटाशिवाय गोष्ट टाकणाऱ्यांचा एक खास टॅग आहे: ‘नो बीटा, वुई डाय लाइक मेन’. मेलो तर मर्दासारखे मरू! माझ्या पहिल्या तीन गोष्टी अशाच शहीद आहेत.

चौथी गोष्ट मात्र लांबलचक होती. मी शेरलॉक होम्सवर लिहिते, आणि मराठीत लिहिते. १८९१ साली होम्स रायखेनबाखच्या धबधब्यात पडून मेला, असं वॉटसन समजतो. तीन वर्षांनी होम्स म्हाताऱ्या पुस्तकविक्याच्या वेषात त्याच्यासमोर उभा राहतो. वॉटसन बेशुद्ध पडतो, शुद्धीवर येतो, आणि त्याच रात्री दोघं पूर्वीसारखे मोहिमेवर निघतात. होम्स जिवंत आहे हे त्याच्या भावाला, मायक्रॉफ्टला, माहीत होतं. वॉटसनला सांगितलं नव्हतं, कारण मायेपोटी त्याच्याकडून गुपित फुटेल अशी होम्सला भीती. कॉनन डॉयलचा वॉटसन हे सगळं पटकन गिळतो. माझ्या गोष्टीतला गिळत नाही. बारा प्रकरणं गिळत नाही.

याला बीटा शोधणं सोपं नव्हतं. कॉलेजच्या मैत्रिणीने “भारी लिहिलंयस” म्हणून सहा बदाम पाठवले. मावशीने सगळे ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, ते उपयोगी पडलं, पण तिचा प्रश्न होता, “हा मायक्रॉफ्ट कोण गं?” मला होम्सही माहीत असलेली आणि मराठीही कानात असलेली व्यक्ती हवी होती. ती डिस्कॉर्डवर होम्सवेड्यांच्या एका ग्रुपमध्ये सापडली. वॉटसनला गोळी नक्की कुठे लागली यावर वाद चालला होता. पहिल्या कादंबरीत खांद्याला आहे, दुसरीत पायाला. त्या इंग्रजी गदारोळात एकीने देवनागरीत लिहिलं, “उचलली जीभ, लावली टाळ्याला.” मी लगेच मेसेज केला: “तुम्ही मराठी का?”

सगळी गोष्ट एकदम पाठवली नाही. पहिलं प्रकरण आणि तीन प्रश्न पाठवले. कुठे कंटाळा आला? कुठे पटलं नाही? कुठलं वाक्य भाषांतर केल्यासारखं वाटलं? तिनेही अट घातली: आठवड्याला एक प्रकरण, आणि उगाच कौतुक करणार नाही. दुसऱ्या आठवड्यात आम्ही एकमेकींना ‘अगं’ म्हणायला लागलो.

पण होम्स आणि वॉटसन एकमेकांना काय म्हणतील? इंग्रजीत ‘यू’ म्हटलं की सुटका होते. मराठीत पहिल्याच संवादाला ठरवावं लागतं. ती म्हणाली, त्या काळचे गृहस्थ ते, आडनावाने हाक मारतात, म्हणजे ‘अहो वॉटसन’च. मी म्हटलं, इतकी वर्षं एका छताखाली राहिलेली माणसं ‘अहो’ नाही करत. पंधरा दिवस भांडून ‘तू’ ठरलं.

सातव्या प्रकरणात होम्स परत येतो. तिथे समासात तिची कॉमेंट आली: “इथून पुढे वॉटसन होम्सला ‘तुम्ही’ म्हणतोय. अकरा वेळा. मुद्दाम आहे का? चूक म्हणत नाहीये, विचारतेय.”

मी दोन दिवस उत्तर दिलं नाही.

मी नववीत असताना बाबा घर सोडून गेले. बारावीत असताना परत आले. मधली तीन वर्षं ते कुठे आहेत हे काकांना माहीत होतं. ते आले त्या दिवशी आईने चहा टाकला, आजीने मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली, आणि कुणी काही विचारलं नाही. मी “तुम्ही कधी आलात?” एवढंच म्हणाले. आमच्याकडे बाबांना अहोजाहोच करतात. त्यामुळे माझ्या ‘तुम्ही’त कुणाला काही वेगळं ऐकू आलं नाही.

यातलं काहीही मी तिला सांगितलं नाही. “मुद्दाम आहे,” एवढंच लिहिलं. लिहिल्यावर ते खरोखरच मुद्दाम झालं.

तिचं उत्तर आलं: “मग होम्सच्या ते लक्षात यायला हवं. एवढा बारीक नजरेचा माणूस, आणि त्याला हे ऐकू येणार नाही?”

‘सत्यकथे’च्या श्री. पु. भागवत, राम पटवर्धन यांच्यासारख्या संपादकांबद्दल आपण वाचतो, ते हस्तलिखितावर लेखकाशी किती बारकाईने चर्चा करत. पण त्यांच्या हातात मासिक होतं, साभार परत पाठवायचा अधिकार होता. बीटाच्या हातात काहीच नसतं. तिने नाही म्हटलं तरी मी उद्या गोष्ट पोस्ट करू शकते. तिला फक्त विचारता येतं. म्हणूनच बहुधा तिच्यापासून लपावंसं वाटलं नाही.

आठव्या प्रकरणात होम्स विचारतो, “वॉटसन, तू मला तुम्ही का म्हणतोस?” वॉटसनचं उत्तर मी चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा तिने शेजारी लिहिलं, “अजून खोटं वाटतंय.” पाचव्यांदा तो म्हणाला: “तीन वर्षं मी मनात ज्याच्याशी बोलत होतो, तो ‘तू’ होता. तुम्हाला मी ओळखत नाही.” त्यावर तिची कॉमेंट नव्हती. फक्त बरोबरची खूण होती.

गोष्ट पूर्ण झाल्यावर तिने विचारलं, आता माझी वाचशील? तिची गोष्ट मिसेस हडसनवर आहे. तीन प्रकरणं वाचून झाली. मिसेस हडसन सगळ्यांना वाढते, उष्टी काढते, पण स्वतः जेवताना एकदाही दिसत नाही. काल रात्री मी समासात लिहिलं, “हे मुद्दाम आहे का?” अजून उत्तर आलेलं नाही. मला घाई नाही.