कूटच्या वेढ्यातील शिपाई

बगदादपासून आग्नेयेकडे सुमारे १६० किलोमीटरांवर तैग्रिस नदी एक मोठे वळण घेते, आणि त्या वळणाच्या कवेत कूट-अल-अमारा हे मातीच्या घरांचे गाव वसलेले आहे. पहिल्या महायुद्धात, १९१५ च्या नोव्हेंबरात, टेसिफॉनच्या रणांगणावरून माघार घेतलेली, जखमींच्या भाराने वाकलेली हिंदी फौज येथे येऊन थांबली. ७ डिसेंबरला तुर्की सैन्याने गावाभोवती जो वेढा आवळला, तो १९१६ च्या २९ एप्रिलपर्यंत उठलाच नाही. या फौजेचे नाव ‘पुणे डिव्हिजन’. आणि तिच्यात १०३, ११० व ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. मावळ आणि कोकणपट्टीतल्या कित्येक घरांतून ‘पोरगा पलटणीत आहे’ असे अभिमानाने सांगितले जात असता, तो पोरगा त्या क्षणी तैग्रिसच्या काठी कुदळ घेऊन चिखल उपसत होता.

वेढ्याच्या इतिहासात सेनापतींचे तारायंत्री संदेश विस्ताराने छापलेले आहेत. शिपायाचा दिवस मात्र त्यांतून एकेक कण वेचून जुळवावा लागतो. तो जुळवू लागले की ध्यानात येते, की बंदुकीपेक्षा कुदळच त्याच्या हाती अधिक वेळ होती. नदीपलीकडे लोकरीचे गठ्ठे दाबण्याच्या कारखान्याभोवतीची एक वस्ती होती. तिच्या रक्षणास ११० वी मराठा आणि १२० वी राजपुताना या पलटणी तैनात होत्या. नदीला पूर आला की ही वस्ती बेटासारखी एकाकी पडे, आणि अंधाराचा आडोसा घेऊन होडीने जी रसद पोहोचेल तिच्यावर दुसऱ्या दिवसाची भिस्त असे. रात्रभर खणलेला खंदक पहाटे पाण्याने भरावा, भिजलेल्या कपड्यांनिशीच पहाऱ्यावर उभे राहावे, बांध घालावा, तो फुटावा, पुन्हा घालावा, आणि हे सारे शत्रूच्या नेमबाजाची नजर डोक्यावर असता करावे, असा तो नित्यक्रम होता. ज्या माणसाला पावसाळ्यात शेताचा बांध राखण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय, त्याच्या हातांना हे काम अपरिचित नव्हते. अपरिचित होते ते एवढेच, की येथे बांधाच्या आत पीक नव्हते.

आणि मग पिठाची गोष्ट. गावातल्या कोठारांतून धान्य सापडले, परंतु ते दळायचे कसे? तेव्हा बाहेरच्या फौजेने विमानांतून जात्याचे दगड खाली टाकले. युद्धाच्या इतिहासात याहून अधिक हृदयस्पर्शी माल आकाशातून उतरला असेल असे मला वाटत नाही. पहाटेच्या प्रहरी आईच्या जात्याची घरघर ऐकत जो वाढला, त्याच्या मस्तकावरून हजारो कोसांच्या परमुलखात जाते आकाशातून यावे! पुढे एप्रिलात पिठाची पोतीही विमानांतून टाकण्याचा प्रयत्न झाला. पण त्या काळची ती दुबळी विमाने, आणि त्यांनी आणलेली पोती कधी नदीत तर कधी शत्रूच्या मोर्चात पडत. शेवटी शेवटी रोजचा शिधा माणशी ४ औंस पिठावर आला. एवढ्यात दोन भाकरीही धड होत नाहीत.

गोऱ्या सैनिकांना घोड्याचे मांस मिळत होते. तोफखान्याची आणि रिसाल्याची जनावरे एकामागून एक मारली जात होती. परंतु हिंदी शिपायांतील बहुसंख्य लोकांनी महिनोन्‌महिने त्या अन्नाला स्पर्श केला नाही. त्यांच्या हिरड्या सुजल्या, स्कर्व्ही त्यांच्या पलटणींत पसरली. शेतांत उगवलेले तण खुडून, त्याची भाजी करून ते खात, आणि त्यांत एखादे विषारी पान आले की माणसे दगावत. हिंदुस्थानातील धर्मगुरूंनी मांसभक्षणास अनुज्ञा दिल्याचे निरोप तारायंत्राने आणवले गेले, तरीही संकोच सुटेना. याला हट्ट अथवा अंधश्रद्धा म्हणणारे लेखक पुष्कळ आहेत. मला ते मत अन्यायाचे वाटते. पोथीपेक्षा गावाचे भय त्यांना अधिक होते. परत गेल्यावर पंगतीत कोण बसू देईल, लेकीला कोण मागणी घालील, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. मृत्यू दारात उभा असतानाही आपण परत जाणार आहोत असे धरून चालणाऱ्या माणसाची ती आशा होती, आणि तिच्यासाठी तो रोज शरीराने किंमत मोजत होता. एप्रिलात, भुकेने सर्वस्वी जर्जर झाल्यावर, हजारोंनी अखेर ते मांस स्वीकारले.

नदीच्या खालच्या अंगाहून मदतीच्या फौजेच्या तोफांचा गडगडाट कूटमध्ये ऐकू येई. आवाज वाढला की खंदकातील मुद्रा उजळत. मग तो थांबे. त्या प्रयत्नांत सुमारे २३,००० माणसे मारली गेली वा जखमी झाली. २४ एप्रिलच्या रात्री ‘जुलनार’ नावाची आगबोट २७० टन रसद घेऊन निघाली आणि वाटेतच शत्रूच्या हाती पडली. पाच दिवसांनी सुमारे १३,००० माणसे शरण गेली. कूटमधील फौजेचे सेनापती टाउनशेंड यांना इस्तंबूलनजीकच्या एका बेटावर सन्मानाने ठेवण्यात आले. शिपायांना वाळवंटातून उत्तरेकडे पायी चालवले गेले, आणि जे जगले त्यांतील पुष्कळांना रास-अल-ऐनच्या रेल्वेमार्गावर मजुरीस जुंपले गेले.

बसऱ्याच्या स्मारकावर मेसोपोटेमियात कामी आलेल्या, परंतु ज्यांची समाधी ज्ञात नाही अशा ४०,००० हून अधिक सैनिकांचे स्मरण केलेले आहे. त्यात गोऱ्या शिपायाचे नाव कोरलेले आहे. हिंदी अंमलदाराचेही आहे. हिंदी शिपायाची मात्र पलटणीखाली केवळ संख्या दिलेली आहे. आपल्याकडे गावोगावच्या चावड्यांवर सरकारने ज्या संगमरवरी पाट्या लावल्या, त्यांवरही येथून किती गेले आणि किती मेले एवढाच हिशेब असतो. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावात मेलेल्यांचा आकडा ४६ आहे.

तथापि एका जागी त्या शिपायाचे नाव कोरलेले आहे. त्या युद्धाबद्दल जे चांदीचे पदक देण्यात आले, त्याच्या कडेवर बारीक अक्षरांत शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण उमटवलेली असे. वाचकहो, आपल्या घरातील जुन्या पेटीत, देव्हाऱ्याच्या खणात, आजीच्या डब्यात असे एखादे काळवंडलेले पदक असेल, तर ते सोनाराकडे चांदीच्या भावाने जाण्यापूर्वी उजेडात धरा, त्याच्या कडेवरचे नाव वाचा, आणि ते कागदावर उतरवून गावच्या शाळेत नेऊन द्या.