सोपाऱ्याचा स्तूप आणि व्यापाराचा धर्म

नालासोपारा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे विरार लोकलची गर्दी येते. पण स्टेशनच्या पश्चिमेला उतरून रिक्षाने सोपारा गावाकडे गेले, की विटांचा एक प्राचीन स्तूप लागतो. गावकरी याला ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथे उत्खनन केले. दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक मिळाले. त्यांत सोन्याची फुले, भिक्षापात्राचे तुकडे आणि मैत्रेयासह आठ बुद्धमूर्ती होत्या.

हे सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. व्यापाराच्या पैशावर नांदणारे हे गाव. त्या पैशाचे पुढे काय होत असे, हे आज समजून घेण्यासारखे आहे.

‘दिव्यावदान’ या बौद्ध ग्रंथात येथल्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची कथा आहे. पूर्णाची आई दासी होती. बाप वारल्यावर सावत्र भावांनी वाटणी केली, तेव्हा पूर्णाला वारस न धरता मालमत्ता म्हणून वाटून टाकले! त्याच पूर्णाने पुढे चंदनाच्या व्यापारात नाव काढले, सहा सागरी सफरी केल्या. सातव्या सफरीत सोबतच्या व्यापाऱ्यांच्या तोंडून बुद्धवचन ऐकले आणि तो भिक्षू झाला. त्याच्या भावाने आणलेल्या चंदनातून शूर्पारकात तथागतांसाठी प्रासाद उभा राहिला, असे ही कथा सांगते.

कथा बाजूला ठेवली, तरी दगडावर कोरलेला हिशेब आहेच. नाशिकच्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्याने शूर्पारकात धर्मशाळा बांधली. डहाणूच्या नदीसह अनेक नद्यांवर फुकट नावा ठेवल्या आणि काठांवर पाणपोया घातल्या. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्याची ठेव. त्याने विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० कार्षापण ठेवले, व्याज दरमहा शेकडा १. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. वर्षाचे व्याज झाले २४०. लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना चिवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे, म्हणजे बरोबर २४०! हिशेब पैशाला पैसा जुळतो. शिवाय ही ठेव निगमसभेत जाहीर करून नोंदवली होती. दान राजघराण्याचे, पण ते वर्षानुवर्षे चालवण्याचा भरवसा कष्टकरी विणकरांच्या संघटनेवर. आपल्या मंडळांनी आणि पतपेढ्यांनी यातून धडा घ्यावा : मुद्दल सुरक्षित, खर्च व्याजातून, हिशेब चारचौघांत.

आता आजचा कायदा पाहा. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा असलेल्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करायचे असतात. चांगली गोष्ट आहे. पण वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींत आपले भाऊ-बहिणी राबतात, ते छोटे गाळे या कायद्याच्या कक्षेत बसत नाहीत. मग तिथे धर्म कोणता?

उत्तर याच मातीत सापडले आहे. १९५६ साली वसईजवळच्या भुईगाव येथे सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. लोक लग्नात, आजारात, प्रवासाला निघताना नाना मंगलविधी करतात. त्यांचे फळ थोडे, असे हा लेख सांगतो. खरे मंगल कोणते? तर त्यात पहिलेच आहे दास आणि नोकर यांच्याशी योग्य वागणूक. सिगालोवाद सुत्तातही मालकाची पाच कर्तव्ये दिली आहेत : शक्तीप्रमाणे काम, अन्न व वेतन, आजारपणात शुश्रूषा, गोडधोडात वाटा आणि वेळेवर सुट्टी.

म्हणून मालकाने उत्सवाला वर्गणी दिली, वह्या वाटल्या, झाडे लावली, की लगेच त्याचा सत्कार करू नये. आधी विचारावे : किमान वेतन मिळते का? प्रॉव्हिडंट फंड, ई.एस.आय. भरला जातो का? गाळ्यातले घाण पाणी नाल्यात सोडले जाते का? ज्या नाल्याकाठी कामगाराचीच लेकरे खेळतात, तो नासवून वाटलेल्या वह्यांना काय अर्थ? हाच प्रश्न आपल्यातल्या नव्या उद्योजकांनीही स्वतःला विचारावा. दुकानात एकच पोऱ्या असला, तरी आपण मालक असतो.

एखाद्या रविवारी मुलाबाळांना घेऊन सोपाऱ्याला जा. स्तूपावर चढू नका, कचरा टाकू नका. मुलांना पूर्णाची गोष्ट सांगा. दासीच्या मुलाला ज्यांनी माणूस म्हणून मोजले नाही, त्यांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. पूर्णाचे नाव मात्र उरले, हेही सांगा.