अण्णांची फियाट आणि माझा परवाना

आमच्या घराण्यात मोटार कधी आली नाही. अण्णांची सायकल, पुढे त्यांची स्कूटर आणि नंतर माझी मोपेड, एवढाच आमच्या वाहनांचा वंशविस्तार. ज्या शहराच्या एका अंगाला, वाळूजला, दुचाकी आणि रिक्षा तयार होतात, दुसऱ्या अंगाला शेंद्र्याला मोटारींचा कारखाना उभा आहे, आणि जिथल्या मंडळींनी ऑक्टोबर २०१० मध्ये एकत्र येऊन सुमारे ६५ कोटी रुपयांच्या १५० मर्सिडीज गाड्या एकदम खरेदी करून देशभर नाव गाजवले, त्याच शहरात आमच्यासारखी बिनमोटारीची घरेही पुष्कळ आहेत. आम्हाला तिच्यावाचून काही अडले नव्हते. गुलमंडी, औरंगपुरा, क्रांती चौक ही सारी ठिकाणे स्कूटरच्या आवाक्यातली. वेरूळला किंवा पैठणला जायचे तर एसटी होतीच.

अडले ते अण्णांच्या खुब्याचे हाड मोडल्यावर. ते आज ८६ वर्षांचे आहेत. शस्त्रक्रिया उत्तम झाली, वॉकर घेऊन ते घरात हिंडूफिरू लागले. परंतु घराबाहेर पडणे हा एक सोहळाच होऊन बसला. रिक्षात चढताना पाय उंच उचलावा लागतो, मान आणि कंबर एकदमच वाकवावी लागते, आणि खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर पहिले काही महिने तर असे खोल वाकणे डॉक्टर कटाक्षाने टाळायला सांगतात. रिक्षावाले स्वभावाने चांगले असत. ते अण्णांना दोन्ही बगलांत धरून उचलत आणि आत ठेवत. ‘ठेवत’ हा शब्द माझा नाही, अण्णांचा आहे. एकदा घरी परतल्यावर ते म्हणाले, “मला आज पुन्हा ठेवून आणलं.” त्यानंतर दवाखान्याखेरीज कुठे जायचे नाव त्यांनी काढले नाही. नातेवाइकांकडची लग्ने गेली, मित्राच्या पंचाहत्तरीचा समारंभ गेला.

मी वहीत हिशेब मांडला. महिन्याच्या चार-पाच फेऱ्यांसाठी मोटार घेणे हा निव्वळ तोट्याचा व्यवहार होता. विमा, देखभाल आणि पेट्रोल यांच्या पैशांत वर्षभर टॅक्सी मागवून वर काही शिल्लक राहिली असती. आजारपणाच्या धास्तीने मोटार घ्यायला निघालेल्यांना तर मी आधी सावध करीन. छातीत कळ आली, बोलणे अडखळले किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तर दारातल्या मोटारीची किल्ली शोधत बसू नये. १०८ क्रमांक फिरवावा. आपल्या राज्यात ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून सुरू आहे. तिच्यात प्राणवायू असतो आणि उपचार जाणणारा माणूस असतो. घरच्या मोटारीत घाबरलेली मुलगी असते, आणि तिचे निम्मे लक्ष मागच्या आसनाकडे लागलेले असते.

मोटार हवी होती ती दवाखान्याशिवाय इतरत्र जाण्यासाठी.

अण्णा पाटबंधारे खात्यात होते. १९६५ साली जायकवाडीच्या धरणाची पायाभरणी झाली आणि १९७६ साली ते पूर्ण झाले. त्या काळातली काही वर्षे त्यांनी पैठणला काढली. तिथल्या एका वरिष्ठ अभियंत्यांकडे स्वतःची फियाट होती. कधीमधी ते अण्णांना सोबत घेऊन शहरात येत. त्या प्रवासांतली एकेक बारीक गोष्ट अण्णांना आजही आठवते: सुकाणूच्या दांड्यालाच जोडलेला गिअर, सलग बाकासारखे पुढचे आसन, उघड्या खिडकीतून येणारा वारा. फियाट ही त्यांची आयुष्यभराची हौस राहिली. आमच्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई. सत्तरच्या दशकात तिचे नाव ‘पद्मिनी’ झाले, तरी लोक तिला फियाटच म्हणत राहिले. नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. अण्णांनी नाव कधी नोंदवलेच नाही. आम्हा तिघा भावंडांचे शिक्षण त्या हौसेच्या वाटेत उभे होते.

म्हणून त्यांच्या एका दिवंगत मित्राचा मुलगा जेव्हा म्हणाला, “काका, बाबांची फियाट तुम्हीच घ्या, मला ती परक्याला द्यायची नाही,” तेव्हा अण्णांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते मी दोन वर्षांत पाहिले नव्हते. गाडी १९८५ सालची, साईच्या रंगाची, मायेने राखलेली. किंमतही नावापुरती. माझ्या मनात मात्र आधुनिक, उंच छताची, छोटी गाडी होती. पुढचे तीन आठवडे आमच्या घरात या दोन गाड्या अदृश्य रूपाने उभ्या होत्या.

माझ्या विरोधाची कारणे रुक्ष होती. मराठवाड्याच्या मे महिन्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते, घामही कमी येतो. त्यात अण्णांना लघवी वाढवणारे औषध सुरू आहे. वातानुकूलन नसलेल्या गाडीत त्यांना दुपारी एक तास बसवणे म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. त्या गाडीला चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक होते. १९८५ साली सुरक्षापट्टे बंधनकारक नव्हते. पुढच्या आसनांसाठी ते झाले १९९४ साली. आसनाच्या पाठीला डोके टेकवण्याची सोयही नव्हती. मागून साधा धक्का बसला तरी मान झटक्याने मागे जाते, आणि मणक्यांची झीज झालेल्या वयात तो झटका पुरेसा असतो. आजच्या गाड्यांत पुढे दोन एअरबॅग आणि चाके जाम होऊ न देणारी ब्रेकव्यवस्था कायद्यानेच आलेली आहे.

कागदपत्रांची बाजूही सोपी नव्हती. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची. त्यानंतर दर ५ वर्षांनी तपासणी करून घेऊन तिचे नूतनीकरण करावे लागते, पर्यावरण कर भरावा लागतो. पन्नाशी उलटलेल्या गाड्यांसाठी २०२१ पासून ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी आहे, पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. ही फियाट चाळिशीची, म्हणजे वारशाच्या मानाला लहान आणि कामाला म्हातारी. शिवाय आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या व गॅस्केट त्याने लवकर खराब होऊ शकतात. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, हेही मी अण्णांना सांगितले. त्यावर ते म्हणाले, “निवृत्त मीही झालोच की.”

हा युक्तिवाद खोडून काढणे कठीण होते. शिवाय वृद्धांसाठी निर्णय घेताना आपण सुरक्षिततेचा शब्द फार लवकर उच्चारतो, असे मला वाटते. तो उच्चारला की समोरच्याला बोलायला जागाच उरत नाही. अण्णांचे जेवण मी ठरवते, औषधांच्या वेळा मी ठरवते, ते कोणत्या खोलीत झोपतात तेही मीच ठरवले. म्हणून गाडीचा निर्णय त्यांच्यावर न लादता दोन्ही गाड्यांत त्यांना प्रत्यक्ष बसवून पाहायचे ठरवले.

त्याआधी फिजिओथेरपिस्टबाईंचा सल्ला घेतला. त्यांनी मोटारीच्या किमतीबद्दल किंवा कंपनीबद्दल एक अक्षरही विचारले नाही. त्या म्हणाल्या, “मोजपट्टी घ्या.” अण्णा घरात ज्या खुर्चीवरून आधाराशिवाय उठतात तिची जमिनीपासूनची उंची १९ इंच भरली. बसल्यावर खुबा गुडघ्यापेक्षा खाली जाता कामा नये, आणि पाय फार वरही उचलावा लागू नये, हे सूत्र. मग मी जिथे जाईन तिथे पट्टी काढू लागले. शोरूममधला तरुण विक्रेता इंजिनाच्या ताकदीविषयी बोलत राही आणि मी आसनाच्या कडेपाशी वाकून इंच मोजत असे. एका भारदस्त एसयूव्हीचे आसन २८ इंचांवर होते. तिच्यात अण्णांना पुन्हा ‘ठेवावे’ लागले असते. उंच छताच्या छोट्या गाडीचे २३ इंच निघाले: मागे टेकावे की बसलेच. फियाटचा बाक चाळीस वर्षांत दबून १७ इंचांवर आला होता.

बसण्याची रीतही शिकून घेतली. ती इथे सविस्तर लिहिते, कारण ती गाडीच्या निवडीहून अधिक उपयोगी पडली. गाडी फुटपाथला खेटून उभी करू नये. माणूस फुटपाथवर उभा असला तर आसन त्याच्या मानाने आणखी खाली जाते. त्याने सपाट रस्त्यावर उभे राहावे. पुढचे आसन पूर्ण मागे सारून पाठ थोडी कलती करावी. वृद्धाने गाडीकडे पाठ करून, पोटऱ्यांना आसनाची कड लागेपर्यंत मागे यावे. आधार दाराचा घेऊ नये, दार हलते. हात आसनावर किंवा गाडीच्या चौकटीवर ठेवावा. शस्त्रक्रियेचा पाय किंचित पुढे ठेवून, डोके सांभाळत हळूहळू टेकावे. मग दोन्ही पाय एकत्र आत घेत सावकाश वळावे. आसनावर गुळगुळीत प्लॅस्टिकची पिशवी पसरली तर हे वळणे सोपे होते. मात्र निघण्यापूर्वी ती न विसरता काढून घ्यावी. नाहीतर ब्रेक लागताच माणूस पट्ट्याखालून पुढे घसरतो. पट्ट्याचा खालचा भाग पोटावर न येता ओटीच्या हाडांवरून जावा. पुढच्या आसनावर बसणाऱ्याची छाती आणि एअरबॅग यांत किमान दहा इंच अंतर असावे.

या शिक्षणानंतर एका रविवारी आम्ही फियाटपाशी गेलो. आत शिरणे अण्णांना अपेक्षेपेक्षा सोपे गेले. सलग बाकावर मध्ये काही उंचवटा नाही, त्यामुळे सरकता आले. त्यांनी गिअरच्या दांड्यावर हात ठेवला, पहिला, दुसरा, तिसरा असे नुसतेच टाकून पाहिले. मित्राचा मुलगा त्यांना समर्थनगरातून एक फेरी मारून घेऊन आला. परतल्यावर उतरायची वेळ आली तेव्हा मात्र बाक त्यांना सोडीना. आम्ही दोघांनी मिळून त्यांना उभे केले. ते काही बोलले नाहीत.

नंतर त्यांनी मला चालकाच्या जागी बसायला सांगितले आणि म्हणाले, “उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरव बरं.” मी ५७ वर्षांची आहे. मधुमेहामुळे माझा उजवा खांदा वर्षभर आखडलेला होता, तो आता कुठे मोकळा होत आहे. पॉवर स्टिअरिंग नसलेले ते चाक उभ्या गाडीत फिरवताना माझ्या तोंडून कळ बाहेर पडली. क्लचही चांगलाच जड होता. अण्णा माझ्याकडे पाहत होते.

“हौस माझी आहे,” ते म्हणाले, “पण गाडी ओढणार तू. तुझा खांदा गेला तर मला आंघोळ कोण घालणार?”

शुश्रूषा करणाऱ्याचे शरीर हाही या व्यवहारातला एक पक्ष आहे, हे मला माझ्या यादीत सुचले नव्हते; ते त्यांना सुचले. आम्ही २३ इंचांची गाडी घेतली, क्लच नसलेली. मागे घेताना पडद्यावर रस्ता दिसतो, त्यामुळे आखडलेली मान फार वळवावी लागत नाही. वॉकर मिटवून मागे मावतो. रंग अण्णांनी निवडला, आणि तो साईचा मिळेना म्हणून पांढऱ्यावर तडजोड झाली.

फियाट मित्राच्या मुलाकडेच आहे. दसऱ्याला अण्णांनी झेंडूचे दोन हार करून घेतले. एक आमच्या गाडीला घातला, आणि दुसरा घालायला त्यांनी मला समर्थनगरला गाडी काढायला लावली. नंतर आम्ही पैठणलाही जाऊन आलो. सकाळी सातला निघालो, ऊन चढण्यापूर्वी परतलो, वाटेत एकदा थांबून दोन्ही पाय मोकळे केले. नाथसागर भरलेला होता. तिथे अण्णांनी गाडीतून उतरायला नकार दिला आणि काच खाली करायला सांगून बराच वेळ वाऱ्यात बसून राहिले. वातानुकूलनापुढे अजूनही त्यांची एवढीच कुरकुर असते, की काचा बंद असल्या म्हणजे प्रवास केल्यासारखा वाटत नाही.

परवान्यासाठी मला चाळिशीनंतर लागते ते डॉक्टरांचे प्रमाणपत्र द्यावे लागले, शिकाऊ परवान्यावर महिनाभर थांबावे लागले आणि माझ्या नातवंडांच्या वयाच्या मुलांबरोबर रांगेत उभे राहून परीक्षा द्यावी लागली. पंचावन्न ओलांडल्यावर परवाना पाचच वर्षांचा मिळतो. तो हाती आल्यावर अण्णांनी चष्मा लावून मुदतीची तारीख नीट वाचली आणि आपल्या डायरीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतली. म्हणाले, “नूतनीकरणाला मी बरोबर येईन.”