एकच स्पेलिंग, तीन अर्थ

सहावीच्या वर्गात मी कधी कधी फळ्यावर जी, आय, एफ, टी ही चार अक्षरं लिहिते आणि अर्थ विचारते. "गिफ्ट! वाढदिवसाला मिळतं ते!" सगळे एका सुरात ओरडतात. बरोबरच आहे, पण ते इंग्रजीत. जर्मनीत हीच अक्षरं एखाद्या बाटलीवर दिसली तर तिला हात लावायचा नाही, कारण जर्मनमध्ये गिफ्ट म्हणजे विष! आणि स्वीडनमध्ये कोणी 'मी गिफ्ट आहे' म्हणालं तर समजायचं, याचं लग्न झालंय. तिथे उच्चार मात्र 'यिफ्ट' असा होतो. गंमत म्हणजे स्वीडिशमध्ये विषालाही हाच शब्द आहे.

मुलं खूप हसतात. मग मी विचारते, "यात चुकलं कोण?"

कोणीच नाही. या तिन्ही भाषा एकाच घरातल्या बहिणी आहेत आणि शब्दाचं मूळही एकच: देणे. इंग्रजीत दिलेली वस्तू ती गिफ्ट. आपण 'मुलगी अमक्या गावाला दिली' म्हणतो ना, तसाच देण्यातून स्वीडिशमध्ये लग्नाचा अर्थ आला. जर्मनमध्ये औषधाची दिलेली मात्रा, पुढे दिलेलं विष, आणि मग फक्त विषच उरलं. आपण औषधाचा 'डोस' म्हणतो, त्याच्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही 'देणे' असाच आहे. जर्मनमध्ये हुंड्याला आजही 'मिटगिफ्ट' म्हणतात. जुना अर्थ तिथे टिकून राहिला.

हे सगळं सांगण्याचं कारण आपल्याच वर्गात आहे. घरी हिंदी बोलणारं मूल मराठीच्या वहीत लिहितं, 'मला चांगली शिक्षा मिळाली पाहिजे.' वर्ग खो खो हसतो. नुसती लाल फुली मारली तर त्या मुलाला वाटतं, आपल्या घरची भाषाच चुकीची आहे. म्हणून मी फुली मारत नाही. 'हिंदीत शिक्षा, मराठीत शिक्षण' एवढंच शेजारी लिहिते. मूल शब्दही शिकतं आणि त्याचा मानही राहतो.

पालकांनो, घरी मुलांबरोबर असे शब्द शोधून बघा. चेष्टा आणि राजीनामा या दोन शब्दांपासून सुरुवात करा. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न आणि राजीनामा म्हणजे तडजोडीचा कागद! मुलाने एखादा शब्द 'चुकीच्या' अर्थाने वापरला, तर रागावण्याआधी एकच प्रश्न विचारा: "हा कोणत्या भाषेतला?"